वाचकांचे प्रश्न : द्राक्षबागेतून शिकवायची उत्क्रांती

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या उत्क्रांतीच्या धड्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून त्यांतील पाचांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

माझी मुलगी सीबीएसईच्या शाळेत दहावीत आहे आणि पुतण्या राज्य मंडळाच्या मराठी शाळेत दहावीतच आहे. पुतण्याच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. मुलीच्या पुस्तकात आनुवंशिकता आहे, उत्क्रांती नाही. हा फरक कशामुळे, आणि यात मुलीचे काही नुकसान होते का?
*— एक पालक, इंदिरानगर*

आपले निरीक्षण बरोबर आहे. सीबीएसईच्या शाळांत वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही पूर्वी आनुवंशिकता आणि उत्क्रांती एकाच प्रकरणात होत्या. कोविडच्या काळात विद्यार्थ्यांवरील भार हलका करायचा म्हणून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, आणि पुढे पाठ्यपुस्तकांची काटछाट झाली तेव्हा तो पुस्तकातूनच गेला. त्याबरोबर डार्विनचा परिचय, जीवाश्म कसे तयार होतात याची माहिती, पृथ्वीवर जीवन कसे सुरू झाले असावे याविषयीची चौकट आणि मानवाच्या उत्क्रांतीचा मजकूरही गेला. एप्रिल २०२३ मध्ये देशभरातील १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रसारकांनी खुल्या पत्राद्वारे हा भाग परत घेण्याची मागणी केली. त्यावर, बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे स्वतंत्र प्रकरण आहेच, असे उत्तर देण्यात आले. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. दहावीनंतर जो विद्यार्थी वाणिज्य, कला, आयटीआय किंवा पदविकेकडे वळतो, किंवा विज्ञान शाखेत राहूनही जीवशास्त्र सोडतो, त्याच्या हाती बारावीचे ते पुस्तक कधीच येत नाही. दहावी ही सर्वांची शेवटची सामाईक पायरी असल्याने एखादा विषय तेथून काढणे म्हणजे बहुसंख्य नागरिकांच्या शिक्षणातून तो काढणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरी बाजू. राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा आहे म्हणून पुतण्या फार पुढे गेला, असेही मानू नये. २०१८ साली आलेल्या त्या पुस्तकाच्या या एकाच धड्यात प्रथिननिर्मिती, उत्परिवर्तन, उत्क्रांतीचे सगळे पुरावे, डार्विन, लामार्क, जातींची निर्मिती आणि मानवाची वाटचाल इतके सारे दाटीवाटीने बसवले आहे. शिवाय तो पहिलाच धडा असल्यामुळे शाळा नीट सुरू होण्याआधीच अनेक ठिकाणी उरकला जातो. मुलीसाठी सोपा उपाय असा की बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; दोघा भावंडांनी तो धडा सुटीत एकत्र बसून वाचावा.

मी निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. धड्यात पेरिपॅटस, बदकचोच्या प्लॅटिपस, फुप्फुसमासा अशी उदाहरणे आहेत. आमच्या मुलांनी यांतले काहीही पाहिलेले नाही आणि मीही पाहिलेले नाही. बहुतेक मुलांच्या घरी द्राक्षबागा आहेत. त्यांच्या ओळखीच्या गोष्टींतून हा विषय शिकवता येईल का?
*— एक शिक्षिका*

नाशिक जिल्ह्यातील शिक्षकाइतकी सोय फार थोड्यांना असेल. आपण केवड्यापासून सुरुवात करा.

केवडा, म्हणजे आपल्या मुलांच्या घरी ज्याला ‘डाऊनी’ म्हणतात तो रोग, मुळात उत्तर अमेरिकेतला. तेथील रानटी द्राक्षवेली आणि हा रोगजंतू फार दीर्घ काळ एकमेकांच्या सोबतीने वाढले, त्यामुळे त्या वेलींमध्ये त्याला तोंड देण्याची क्षमता निवडली जाऊन टिकून राहिली. युरोप आणि पश्चिम आशियातील द्राक्षाची, म्हणजे आपण बागेत लावतो त्या जातीची, या रोगाशी कधी गाठच पडली नव्हती. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि तेथील बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. त्यावर उपाय म्हणून १८८५ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आणले. निफाडमध्ये बोर्डो ठाऊक नसलेले मूल मिळणार नाही. बऱ्याच बागांत वेल थॉमसन या वाणाची आणि तिचे मूळ डॉगरिज या अमेरिकी कुळातील खुंटाचे असते, हेही मुले स्वतःहून सांगतील. एकाच झाडात दोन खंडांतील दोन जाती, आणि दोघींच्या गुणांत फरक का, तर दोघींचा इतिहास वेगळा म्हणून. उत्क्रांतीची याहून जवळची ओळख मला सुचत नाही.

यानंतर खरा गाभा येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की बागायतदार एकापाठोपाठ एक फवारण्या करतात आणि काही वर्षांनी ‘अमुक औषध आता लागू पडत नाही, रोगाला त्याची सवय झाली’ असे म्हणू लागतात. हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि मुलांना विचारावे, की सवय झाली म्हणजे नेमके काय झाले? स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशकांचे उदाहरण घेऊ. या औषधाचा रेणू रोगजंतूच्या पेशीतील सायटोक्रोम-बी नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि पेशीची ऊर्जानिर्मिती बंद पाडतो. या प्रथिनाच्या साखळीत १४३ व्या जागेवर ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने तेथे अ‍ॅलनिन आले, तर प्रथिनाचे काम चालू राहते, औषध मात्र त्याला चिकटू शकत नाही. असा बदल कोट्यवधी बीजाणूंपैकी एखाद्यात औषध फवारण्याच्या आधीच, योगायोगाने झालेला असतो. फवारणीने बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढची पिढी त्याची असते. कोणत्याही एका बीजाणूला कसलीही सवय झालेली नसते. बदललेली असते ती त्यांच्या समूहातील प्रमाणे.

‘सवय झाली’ हे लामार्कचे म्हणणे आणि ‘आधीच वेगळा होता, तो वाचला’ हे डार्विनचे, एवढे मुलांना कळले तरी धड्याचा अर्धा भाग पार पडला. यांतले बरोबर कोणते, हे मताने ठरलेले नाही. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक यांनी वेगवेगळ्या नळ्यांत केलेल्या जिवाणूंच्या अनेक स्वतंत्र वाढींवर जिवाणूंना मारणारा विषाणू सोडून वाचलेल्यांची संख्या मोजली. विषाणू आल्यावर जिवाणू बदलत असते, तर सर्व वाढींमध्ये वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काहींमध्ये जवळजवळ कोणीच वाचले नव्हते आणि काहींमध्ये फार मोठी संख्या वाचली होती, कारण तेथे बदल बराच आधी होऊन त्याची प्रजा वाढून बसली होती. नववी-दहावीच्या मुलांना हा प्रयोग आकडेमोडीशिवाय सांगता येतो.

एक चौकस मूल विचारील, की मग बोर्डो इतक्या वर्षांनीही का चालते? तांबे पेशीतील अनेक ठिकाणी एकाच वेळी घाव घालते. त्या सर्व ठिकाणी एकदम सोयीस्कर बदल झालेला बीजाणू मिळण्याची शक्यता अत्यल्प असते. औषधांचे गट आलटून पालटून वापरा, हा सल्लाही याच तर्कावर उभा आहे. दुसरे चौकस मूल विचारील, की वेलीच का नाही उत्क्रांत होत? याचे उत्तर मला स्वतःला फार आवडते. बागेतील सर्व वेली एकाच वेलीच्या काड्यांपासून केलेल्या असतात, म्हणून त्यांच्यात निवड होण्याजोगे वेगळेपण जवळजवळ नसतेच. वेगळेपण सारे रोगजंतूच्या बाजूला असते. जवळजवळ म्हटले, कारण क्वचित एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो, तिचे मणी लांबट किंवा मोठे येतात, आणि जाणता बागायतदार ती फांदी हेरून तिची कलमे करतो. थॉमसनपासून तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण महाराष्ट्रातच असे निवडले गेले. निसर्गाच्या निवडीकडे वळण्याआधी डार्विननेही आपल्या १८५९ च्या ग्रंथाचा आरंभ माणसाने पाळलेल्या प्राण्यांत व वनस्पतींत केलेल्या निवडीपासूनच केला होता.

जीवाश्मांविषयी एक सूचना. सहलीत पांडवलेण्यांच्या खडकात मुले जीवाश्म शोधू लागतील, तर त्यांना आधीच सांगावे की आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि वितळलेल्या खडकात प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत. ते मिळतात गाळाच्या थरांत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरांची हाडे आणि त्यांची अश्मीभूत विष्ठाही मिळाली आहे. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्यामुळे डायनासोरांच्या काळी गवत होते, हे २००५ मध्ये कळले. मुलांना हा तपशील कायम लक्षात राहतो, हे सांगायला नको. आपल्या गोदावरीच्या गाळातही बरेच काही आहे. नांदूर मध्यमेश्वरचा परिसर आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असला, तरी तेथील जुन्या गाळात आता नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष मिळाले होते आणि भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यांची नोंद केली. गंगापूरजवळ नदीकाठच्या थरांतून पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी अश्मयुगीन दगडी हत्यारे शोधली आणि १९५२ साली त्यांवर लिहिले. प्लॅटिपस ऑस्ट्रेलियात राहू द्या. ही हत्यारे जिथे सापडली त्या गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते.

मी निवृत्त असून रोज पोथी वाचतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमात उत्क्रांती आपल्या पूर्वजांनी आधीच सांगितली आहे, असे मला वाटते. मग शाळेत दशावतारच का शिकवू नयेत? आणि माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला आहे का?
*— एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी*

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जवळजवळ याच शब्दांत तो मांडला होता आणि डार्विनचा सिद्धांत शाळा-महाविद्यालयांतून काढावा, असे सुचवले होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले.

माकडाचा माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणत नाही. दोन चुलत भावंडे एकमेकांपासून जन्मत नाहीत, दोघांचे आजोबा एक असतात. तसे माणूस आणि चिंपांझी यांचे सामाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते आणि ते आजच्या चिंपांझीसारखेही नव्हते व माणसासारखेही नव्हते. हे घडताना पाहायला कोणी नव्हते, हे खरे. मात्र जे कोणी पाहिले नाही त्याचे पुरावे तपासता येतात. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि माणसात २३. सामाईक पूर्वज खरा असेल, तर आपले एखादे गुणसूत्र दोन जुळून झालेले असले पाहिजे. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तसे जुळल्याचे चिन्ह सापडते: जी क्रमरचना एरवी गुणसूत्राच्या टोकालाच असते, ती येथे मध्यभागी, समोरासमोर भिडलेल्या दोन टोकांच्या रूपात आहे. देवमाशांचे उदाहरण तर आपल्याच देशातील आहे. देवमासे जमिनीवरील खुरवाल्या प्राण्यांपासून आले असतील, तर मधले प्राणी कधीतरी मिळायला हवेत. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांतून इंडोहायस हा सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, लहान हरणाएवढा प्राणी ओळखला गेला. त्याच्या कानाच्या हाडाची विशिष्ट जाड घडण देवमाशांखेरीज इतरत्र आढळत नाही. कच्छमध्ये त्यानंतरच्या काळातील, पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत.

आता दशावतार. क्रम वरवर जुळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. हे साम्य छापील स्वरूपात १८७७ साली थिऑसॉफी या आध्यात्मिक चळवळीच्या मादाम ब्लावाट्स्की यांनी मांडले, म्हणजे डार्विनचे पुस्तक येऊन १८ वर्षे झाल्यावर. आधी डार्विन वाचला गेला आणि मग क्रम जुळवला गेला. पण मला महत्त्वाचा फरक आशयाचा वाटतो. अवतारकथेत एकच परमेश्वर धर्मरक्षणासाठी निरनिराळी रूपे घेतो. कूर्म मत्स्याच्या पोटी जन्मलेला नाही आणि वराहापासून नरसिंह झालेला नाही. उत्क्रांतीत हेतू नाही, एका रेषेत चढत जाणारा जिना नाही, आणि मासा, कासव व डुक्कर हे माणसाच्या वाटेवरचे टप्पे नसून आपापल्या फांदीवर आजही नांदणारे जीव आहेत. शिवाय, ज्या कथेत भक्ताला अर्थ सापडतो तिला विज्ञानाच्या परीक्षेला बसवावे, हे मला भक्तीच्या दृष्टीनेही उचित वाटत नाही. विज्ञानातील विधान उद्या नव्या पुराव्याने दुरुस्त होऊ शकते. नरसिंहाच्या कथेवर आपण तशी पाळी आणू इच्छिता का? विसाव्या शतकातील थोर उत्क्रांतिशास्त्रज्ञ डोब्झान्स्की स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. दशावतार मराठीच्या तासाला, कीर्तनात, कोकणातील दशावतारी खेळांत शिकावेत आणि शिकवावेत.

मी बारावी विज्ञानाला आहे. पुस्तकात पृथ्वीवरच रसायनांपासून जीव तयार झाले, असे आहे. डॉ. जयंत नारळीकर मात्र जीवन अंतराळातून आले असावे असे म्हणत. नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा घरी यावर चर्चा झाली होती. खरे काय मानायचे?
*— एक विद्यार्थी, नाशिक रोड*

प्रथम दोन प्रश्न वेगळे करा. एक, असलेल्या जीवांपासून निरनिराळे जीव कसे झाले. दोन, पहिला जीव कसा झाला. पहिल्याचे उत्तर मूलतः मिळालेले आहे. दुसऱ्याचे अजून मिळालेले नाही, आणि दुसरे मिळाले नाही म्हणून पहिले डळमळत नाही. पाठ्यपुस्तके दोन्ही एकाच प्रकरणात, सारख्याच खात्रीच्या सुरात सांगतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियातील खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर मिळतात. मधल्या काळात काय घडले, याविषयी १९२४ साली ओपारिन आणि १९२९ साली हाल्डेन यांनी रासायनिक उत्क्रांतीची कल्पना मांडली. (हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या मिलर यांच्या प्रयोगात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडल्यावर अमिनो आम्ले तयार झाली. पुढे असे दिसू लागले की आदिम वातावरणात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक असावेत, आणि तशा मिश्रणात अमिनो आम्ले बरीच कमी मिळतात. म्हणून या प्रयोगाने जीव बनवला, असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. जीवाचे काही घटक निर्जीव द्रव्यांपासून आपोआप बनू शकतात, एवढेच त्याने दाखवले, आणि ते पुष्कळ आहे. त्यानंतर दोन दिशा पुढे आल्या. चेक आणि आल्टमन या शास्त्रज्ञांना १९८९ चे नोबेल मिळाले ते आरएनए स्वतःच विकरासारखे काम करू शकतो, या शोधासाठी. त्यामुळे माहिती साठवणे आणि रासायनिक क्रिया घडवणे ही दोन्ही कामे आरंभी एकाच रेणूने केली असावीत, हा विचार बळावला. दुसरी दिशा १९७७ मध्ये सापडलेल्या समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांची: जीवनाची सुरुवात तेथे झाली असावी, अशी.

डॉ. नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचे वेगळेपण असे की त्यांनी अंतराळाची कल्पना नुसती मांडली नाही, ती तपासायला घेतली. इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले. २००५ च्या उड्डाणातील नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. अतिनील किरणांना त्या अधिक तोंड देत होत्या आणि त्यांतील एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयलाय असे नाव दिले गेले. मात्र हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यातून सिद्ध होत नाही, हे इस्रोने निष्कर्ष जाहीर करतानाच सांगितले. बहुसंख्य शास्त्रज्ञ आज ही कल्पना स्वीकारत नाहीत. जीवाचे घटक मात्र अंतराळात आहेत, यात शंका उरलेली नाही: १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्ले सापडली, आणि बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाल्याचे २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. जीवनच बाहेरून आले असे मानले, तरी तेथे ते कसे सुरू झाले हा प्रश्न उरतोच. परीक्षेत ओपारिन, हाल्डेन आणि मिलर लिहा; मनात प्रश्न उघडा ठेवा.

आमच्या शाळा समितीत एक सूचना आली आहे, की अमेरिकेत जशा दोन्ही बाजू शिकवतात तशा आपणही शिकवाव्यात आणि ज्या पालकांचा आक्षेप असेल त्यांच्या मुलांना या धड्यातून सूट द्यावी. आपले मत काय?
*— एक सदस्य, सिन्नर*

सूचनेचा पायाच चुकीचा आहे. अमेरिकेतील सरकारी शाळांत विज्ञानाच्या तासाला उत्क्रांती आणि देवाने सृष्टी निर्मिली हे मत, अशा दोन्ही बाजू शिकवत नाहीत. १९२५ साली टेनेसीत उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला होता. १९६८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, १९८७ मध्ये सृष्टिनिर्मितीचा धार्मिक सिद्धांत जोडीने शिकवण्याची सक्तीही घटनाबाह्य ठरवली, आणि २००५ मध्ये डोव्हरच्या खटल्यात ‘बुद्धिमान रचना’ हे त्याच मताचे नवे रूप आहे असा निकाल एका संघराज्यीय न्यायाधीशांनी दिला. जीवशास्त्रात उत्क्रांतीच्या तपशिलांवर वाद आहेत, ती झाली की नाही यावर नाहीत. म्हणून दुसऱ्या बाजूला पुस्तकात ठेवायला पानच नाही.

सूट देऊ नये. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधकबुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे १९७६ च्या दुरुस्तीने आपल्या राज्यघटनेच्या कलम ५१ अ मध्ये प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. शिवाय परीक्षेत ‘तुमचा यावर विश्वास आहे का’ असे कोणी विचारत नाही. पुरावे कोणते आणि त्यांवरून निष्कर्ष कसा काढला, एवढेच विचारतात, आणि ते लिहिण्यासाठी कोणालाही घरची पूजा सोडावी लागत नाही. आक्षेप घेणाऱ्या पालकांना समितीने त्या तासाला वर्गात मागे बसायला बोलवावे. ते बागायतदार असतील, तर केवड्याच्या भागात शिक्षकांना त्यांची मदतच होईल.